पहाटेचा सव्वा तास

आमच्या कुत्रीने, खारीने, सासूबाईंचं कानाचं मशीन चावून टाकलं, ती तिची क्रेटबाहेरची, म्हणजे तिच्या झोपायच्या जाळीच्या खोक्याबाहेरची, पहिली रात्र. तारीख पक्की लक्षात आहे, कारण पुढे आठवडाभर सासूबाई तीच ऐकवत होत्या. १५ जानेवारी २०२५, किंक्रांत. "करिदिनाला कुणी नवं काही सुरू करतं का?" एवढाच त्यांचा आक्षेप. मशीनबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

आम्ही अगदी विचार करून सुरुवात केली होती, निदान आमची तशी समजूत होती. खारी आठ महिन्यांची झाली होती. दीड महिन्यात घरात एकदाही शू केली नव्हती. रात्री अकराला क्रेटमध्ये गेली की सकाळपर्यंत हूं की चूं नाही. माझा नवरा मंदार म्हणाला, "आता कशाला कोंडायचं तिला? बघ ना, किती शहाणी झालीय." मलाही ते पटलं. त्या रात्री क्रेटची कडी लावली नाही, बेडरूमचं दार उघडं ठेवलं आणि निवांत झोपलो.

सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. झोपताना मशीन काढून उशाच्या स्टुलावर डबीत ठेवतात. त्या रात्री डबी होती, झाकण लावलेलं नव्हतं. मशीन काढलं की त्यांना दारावरची बेलही ऐकू येत नाही. मग दोन फुटांवर बसून कुणी त्यांचंच मशीन चावतंय, हे कुठून ऐकू येणार?

पावणेसहाला मला जाग आली ती कुरुम कुरुम आवाजाने. बाहेर येऊन बघते तर चटईवर कातडीच्या रंगाचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे, एक बारीकशी नळी आणि मागचं सगळं अंग हलवत माझ्या स्वागताला उभी असलेली खारी. तुकडे गोळा केले, जुळवून पाहिले. शेंगदाण्याएवढी ती बॅटरी काही सापडेना. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी झोपेतही पहिलं वाक्य स्पष्ट सांगितलं, "उलटी करवू नका. मिठाचं पाणी वगैरे काही पाजू नका. आधी एक्स-रे." बटण बॅटरी आत कुठे अडकली तर ती आतून भाजत जाते, आणि उलटीबरोबर वर येतानाही घशात अडकू शकते.

डोंबिवलीत सकाळी सहाला रिक्षा मिळते, पण कुत्रा घेऊन उभं राहिलं की मिळत नाही. तिसरा थांबला, तोही "सीटवर बसवायचा नाही" या अटीवर. खारी माझ्या मांडीवर शालीत गुंडाळून, पिकनिकला निघाल्यासारखी बाहेर बघत होती. एक्स-रेमध्ये काहीच निघालं नाही. परत आलो तेव्हा आमच्या लेकीने, ओवीने, टॉर्च घेऊन बॅटरी शोधून ठेवली होती, दिवाणाच्या पायाला चिकटून पडलेली. मशीन बावीस हजारांचं होतं. दुसरं येईपर्यंत पंधरा दिवस आम्ही सासूबाईंशी ओरडून बोलत होतो, आणि प्रत्येक वेळी खारीला वाटायचं की तिलाच रागावतोय. कान पाडून ती क्रेटमध्ये जाऊन बसायची.

खरं तर क्रेटला पहिला विरोध माझाच होता. २०२४ च्या जुलैत सोसायटीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे ही भिजून बसलेली सापडली. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी. डॉक्टरांनी दात बघून आठ आठवड्यांची असेल म्हणून सांगितलं, आणि क्रेट घ्यायला सुचवलं. कुत्र्याला तो गुहेसारखा वाटतो म्हणे. गुहा वगैरे मला काही पटलं नव्हतं. पण तिसऱ्याच रात्री तिच्या तोंडात मंदारच्या लॅपटॉपची वायर दिसली, प्लग लावलेला, बटण चालू. दुसऱ्या दिवशी क्रेट आणला. छत्तीस इंची, घडीचा, खाली ट्रे, मध्ये सरकवता येणारी जाळी. पिल्लू लहान आहे तोवर ती जाळी पुढे लावून जागा कमी ठेवायची. उभं राहता, वळता आणि पसरता येईल एवढीच. मोकळीक जास्त झाली तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्याचा संडास करतं.

सासूबाई त्याला आजतागायत क्रेट म्हणाल्या नाहीत. पिंजराच. "आमच्या गुहागरला मोत्या कधी कोंडला नाही. अंगणात, खळ्यात, पाहिजे तिथे झोपायचा. जनावर ते, त्याला मोकळं ठेवावं." असं म्हणता म्हणता क्रेटवर घालायला स्वतःचं जुनं सुती पातळ आणि आत अंथरायला एक गोधडी काढून दिली. क्रेट बेडरूममध्ये माझ्या बाजूला, शिवणयंत्र हलवून तिथे लावला. वन बीएचकेमध्ये कुत्र्याचा क्रेट लावायचा म्हणजे कशाला तरी घराबाहेर जावंच लागतं. शिवणयंत्र नणंदेकडे गेलं.

डॉक्टरांचा ठोकताळा होता, पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. झोपेत थोडं जास्त. लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नव्हतं, कारण पावसाळ्यात पार्व्हो, हा पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार, फिरत असतो आणि आमच्या गल्लीत कुत्र्यांची मोठी टोळी आहे. म्हणून बाथरूममध्ये वर्तमानपत्र. ते ती चार दिवसांत शिकली. सप्टेंबरात लसी झाल्या, खाली न्यायला लागलो आणि मग तिला जमिनीवर काही सुचेना. कागद म्हणजे संडास हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ओवीने शाळेच्या प्रोजेक्टचा चार्ट पेपर फरशीवर पसरला आणि ती येऊन शांतपणे महाराष्ट्राच्या नकाशावर बसली. विदर्भ वाचला.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. रात्री अकरा, अडीच आणि साडेपाच. गणपतीपर्यंत अडीचची फेरी आपोआप बंद झाली. एका रात्री गजर वाजला, मी उठून पाहिलं तर ही पाठीवर उताणी झोपलेली. गजर बंद करून मीही झोपले. कुणी मला विचारलं की रात्रीची फेरी कधी थांबवली, तर हे असं थांबवली.

मग दात. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत बेचाळीस पक्के येतात. बहुतेक दात ती गिळूनच टाकते, कळतही नाही. एक मात्र मला गोधडीवर मिळाला. तांदळाच्या दाण्याएवढा, मुळाशी रक्ताचा बारीक ठिपका. ओवीने तो काडेपेटीत ठेवलाय. त्या दिवसांत गोधडीचं एक टोक पूर्ण गेलं, क्रेटच्या ट्रेची कड गेली, माझ्या चपला मात्र वाचल्या, कारण ती आत होती. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा न सांगता स्वतःच आत जाऊन पातळाआड बसली. त्या संध्याकाळी मला 'गुहा' पटली.

दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा क्रेट ओला. एकदा नाही, सलग तीन रात्री. मी चिडले, मंदार म्हणाला, लक्ष वेधायला करते. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला, औषधं घेतल्यावर थांबलं. चांगलं शिकलेलं कुत्रं अचानक विसरलं तर आधी लघवी तपासावी, मग चिडावं, हे तेव्हा कळलं. डिसेंबरात नसबंदी झाली. गळ्यातला तो प्लॅस्टिकचा कोन क्रेटच्या दारात अडकून रात्रभर खणखण करायचा, म्हणून ओवीचा जुना टी-शर्ट बाह्यांत पाय घालून, मागे गाठ मारून तिला चढवला. दहा दिवस ती तिसरीच्या गॅदरिंगचं नाव पाठीवर घेऊन फिरत होती. टाके निघाले, संक्रांत आली, आणि आम्हांला वाटलं, झालं, आता मोठी झाली.

मशीन प्रकरणानंतर कडी पुन्हा लागली. मंदारला ते आवडलं नाही, मला स्वतःलाही वाईट वाटत होतं. एवढी महिनेवारी मोजून आपण चुकलो कुठे, हे काही कळेना. मग एक दिवस सासूबाई चहा पिताना मोठ्याने (मशीन नसल्यामुळे त्या तेव्हा मोठ्यानेच बोलायच्या) म्हणाल्या, "अगं, मी चारला बाथरूमला उठले होते. तेव्हा ती माझ्या चपलेवर डोकं ठेवून ढाराढूर झोपली होती."

चारला झोपलेली. पावणेसहाला मशीनचे तुकडे.

त्या रात्री मी जुना मोबाइल चार्जरला लावून क्रेटसमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. तीन रात्री. मंदारने ते आठपट वेगाने बघितलं, तरी कंटाळला. अकरा वीसला झोप. दोनच्या सुमारास उठून एक गिरकी, कूस बदलून परत झोप. मग पाच दहाला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो, त्यासरशी दोन्ही कान उभे. आळस. आणि तिथून मी उठेपर्यंत, म्हणजे साडेसहापर्यंत, ती टक्क जागी. गज चाव, गोधडीचा दोरा ओढ, ट्रे खरवड. तिन्ही रात्री हेच.

म्हणजे रात्र तिला येतच होती. तिला येत नव्हती ती पहाट. आणि आम्ही मात्र परीक्षा रात्रीची घेत होतो. ती सहा तास झोपते याचं कौतुक करत होतो, आणि पुढचा सव्वा तास ती जागी अन् घर झोपलेलं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. क्रेटमध्ये असताना त्या वेळात ती काय करते, ते दिसण्यासारखं नव्हतं, कारण वरून पातळ.

मग गणित शेवटाकडून सोडवायला घेतलं. रात्री कडी लावायची, तशीच. पाच दहाला पंपाबरोबर मी उठायचं, चोपन्न पायऱ्या खाली, पाच पंचवीसपर्यंत वर. वर आल्यावर क्रेट नाही. बेडरूमचं दार बंद, माझ्या पलंगाशेजारी तिची सतरंजी, फ्रीझरमधलं एक गाजर, आणि मी आडवी पडून एक हात तिच्या पट्ट्यावर. झोपायचं नाही, झोपल्याचं सोंग करायचं. नियम असा ठरवला की सलग चौदा सकाळी गाजराशिवाय कशालाही तोंड लावलं नाही तर पुढची पायरी. लावलं, तर मोजणी पुन्हा एकपासून. कालनिर्णयवर पेन्सिलने फुल्या मारत होते. एकदा नवव्या दिवशी ओवीचा हेअरबँड, एकदा अकराव्या दिवशी मंदारचा मोजा. मोज्याच्या वेळी मी सोंग विसरून खरीच झोपले होते, त्यामुळे तो दोष तिच्या खात्यात टाकावा की माझ्या, यावर घरात चर्चा झाली. मोजणी तरी पुन्हा सुरू केली.

चौदा फुल्या भरल्या तेव्हा होळी उलटून गेली होती. पण खरा बदल त्याआधीच दिसला होता. एका सकाळी वर आली, गाजर अर्धं सोडलं, सतरंजीवर दोन गिरक्या घेतल्या आणि नाकातून मोठा उसासा सोडून परत झोपली. पंप चालू असताना. मी हात तसाच ठेवून किती तरी वेळ छताकडे बघत होते. साडेसहाला उठवावं लागलं तिला.

पुढची पायरी म्हणजे क्रेटचं दार रात्रभर उघडं, बेडरूमचं बंद. दार मध्येच हलून खणकन वाजू नये म्हणून परकराच्या जुन्या नाडीने मागे बांधून टाकलं. सगळे उत्सुकतेने जागे. खारी अकराला आत गेली आणि पाच दहापर्यंत बाहेरच आली नाही. पाच-सहा रात्री हेच. ज्या दारावरून घरात एवढे वाद झाले, ते उघडं आहे की बंद, याचं तिला सोयरसुतक नव्हतं.

तिला बाहेर काढलं ते आमच्या ठरवण्याने नाही, मे महिन्याने. गोधडीत उकडायला लागलं आणि ती पंख्याखाली फरशीवर चारी पाय पसरून झोपायला लागली. तेव्हा ती वर्षाची झाली होती.

जूनमध्ये बेडरूमचं दारही उघडं ठेवायचं ठरलं, आणि त्याआधी आम्ही एक रविवार घर तिच्या उंचीवरून बघण्यात घालवला. मंदार खरोखर रांगत होता. कांद्याची टोपली ओट्याखाली जमिनीवर असायची, ती खिळ्याला टांगली. कांदा कुत्र्याला विष, मनुकेही. मुंग्यांचा खडू, डासांची कॉइल, चार्जर, कचऱ्याचा डबा, सगळं वर. स्वयंपाकघराला दार नाही, तिथे मंदारने प्लायची फळी आडवी लावली. खारी ती सहज ओलांडू शकते, पण अजून तिने तसं केलेलं नाही, आणि आम्हीही तिला ते सुचवलेलं नाही. सासूबाईंनी नव्या मशीनसाठी लोणच्याची बारकी बरणी घेतली, फिरकीच्या झाकणाची. रात्री झाकण लावलं की ती हातात धरून खारीला दाखवतात आणि मग कपाटात ठेवतात.

हॉलच्या पहिल्या महिन्यात एकच अपघात झाला. दाराजवळ शू. रात्री अकराला मुसळधार पाऊस होता, खारी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून पावसाकडे बघत होती आणि मी "झालं असेल" असं धरून वर आणलं. झालं नव्हतं. फरशी एन्झाइमवाल्या लिक्विडने पुसली. आधी आम्ही फिनाइल वापरायचो, पण त्याने वास आपल्यापुरता जातो, तिच्या नाकाला जागा बरोबर सापडते. तेव्हापासून मी छत्री धरून खाली उभी राहते आणि प्रत्यक्ष बघितल्याशिवाय वर येत नाही. शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, "झाली का?" आता सगळ्या विंगला आमचं वेळापत्रक पाठ आहे.

ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. गुहागरहून सासूबाईंच्या पुतण्याचं कुटुंब आलं, झोपायला जागा हवी म्हणून क्रेट घडी करून कपाटामागे ठेवला. रात्री गप्पांत सासूबाईंनी त्यांना पिंजऱ्याची हकिकत सांगायला घेतली, की आपल्या मोत्याला बघ कसा मोकळा ठेवला होता. पुतण्या म्हणाला, "काकू, पण मोत्याला तर वाघाने नेला ना?" कोकणात बिबट्याला वाघच म्हणतात.

"मोत्याला नाही रे. त्याच्या आधीच्या काळ्याला." सासूबाई जरा थांबल्या. "मोत्याला मग आम्ही रात्री पडवीत घ्यायला लागलो."

"आणि पडवीला कडी लावायचात," पुतण्या म्हणाला.

सासूबाईंनी मशीन काढलं, बरणीत ठेवलं, आणि संभाषण तिथेच संपलं.

सगळे झोपल्यावर खारी बेडरूममध्ये आली. क्रेटच्या जागी आता फक्त फरशीवर ट्रेच्या कडेचा फिकट चौकोन होता. त्यात उभी राहिली, तीन गिरक्या घेतल्या आणि बरोबर त्या चौकोनात, शेपूटसुद्धा आत घेऊन, झोपली.

विसर्जनानंतर पाहुणे गेले, तेव्हा क्रेट परत लावायला सासूबाईंनीच सांगितलं. दार मात्र बिजागरीतून काढून माळ्यावर टाकलंय. वर इस्त्रीचे कपडे असतात. विजा कडाडल्या, लग्नाच्या वरातीचा डीजे आला की खारी आत जाते. एरवी कधी फरशीवर, कधी दिवाणाशेजारी सासूबाईंच्या चपलेवर डोकं ठेवून. पाच दहाला पंप सुरू होतो. ती उठते, पुढचे पाय ताणते, माझ्या बाजूला येते आणि पलंगाबाहेर लोंबणाऱ्या हातावर नाकाने गरम फुंकर मारते. मी "थांब" म्हणते. साडेसहापर्यंत नाही, पण सहापर्यंत थांबते.